बंद पडलेली गौर

लग्न होऊन कल्याणजवळ मोहन्याला आले, त्या पहिल्या गौरीच्या दिवशी मी लवकर उठून डोक्यावरून अंघोळ केली आणि सासूबाईंना विचारलं, पुरणाला डाळ किती शिजत लावू. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आपल्यात नसतं." मला वाटलं, कोकणातली माणसं, पुरणाऐवजी दुसरं काही गोड करत असतील. मग काय करायचं, असं परत विचारलं. "रोजचं," त्या म्हणाल्या. "डाळभात."

आमच्याकडे, लातूरच्या बाजूला, गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. दोघी उभ्या असतात, नऊवारी नेसलेल्या, पुढ्यात सोळा भाज्या, आंबील, पुरणाचे दिवे. माझी शाळा आठवीत सुटली, पण सोळा भाज्या मला कुणीही झोपेतून उठवून विचारल्या तरी सांगता यायच्या. त्या दिवशी चाळीतल्या प्रत्येक दारातून तळणाचा वास येत होता आणि आमच्या घरात कुकरच्या शिट्ट्या. दुपारी सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. मी गॅलरीत येऊन उभी राहिले, तर शेजारच्या ताईने खुणेने बोलावलं.

ताई बौद्ध. त्यांच्याकडे गौर-गणपती नाही, त्यामुळे त्या दिवशी अख्ख्या चाळीत रिकामी अशी तीच. तिने मला चहा दिला आणि सगळं सांगितलं. सासूबाईंना पहिली मुलगी होती. चार वर्षांची. ताप डोक्यात गेला आणि गौरीच्या पूजनाच्या दिवशीच गेली. तेव्हा आमचे हे पोटात होते. सणाच्या दिवशी घरात कुणी गेलं की तो सण त्या घराला बंद. पुन्हा त्याच दिवशी घरात पोर जन्माला आलं, नाहीतर गाय व्याली, तरच सुरू करायचा.

"आणि नाही झालं तर?" मी विचारलं.

"मग नाही," ताई म्हणाली. "तुमचे नियम तुम्हाला माहीत. आम्ही सगळेच सोडले, आमची कटकट मिटली."

मग तिने गाईची गोष्ट सांगितली. एका वर्षी गावी चुलतदिरांची गाय गौरीच्या सुमाराला व्यायला आलेली. तेव्हा सासरे होते. सासूबाई त्यांना कंपनीतून रजा घ्यायला लावून गावी गेल्या आणि पूजनाचा अख्खा दिवस गोठ्यात बसून राहिल्या. गाईच्या पाठीवरून हात फिरवायच्या, तिला गूळ द्यायच्या, कानात काहीबाही सांगायच्या. भावकीतल्या बाया दारातून बघून हसून जायच्या. गाय दुसऱ्या दिवशी गौरी पाण्यात गेल्यावर व्याली. सासूबाईंनी त्या गाईचं दूध मग कधी तोंडाला लावलं नाही.

हे ऐकून मी हसले. तेव्हा मला कळलं नव्हतं की गाईनंतर आता माझी पाळी होती.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. मला हे घर मिळालं त्याबद्दल मी रोज देवाला हात जोडते. पुढच्या तीन वर्षांत दोनदा माझ्या पोटात राहिलं आणि राहून गेलं. दोन्ही वेळा त्यांनी माझे कपडे स्वतःच्या हाताने धुतले, मला हात लावू दिला नाही. नळावर एक बाई म्हणाली, सुनेचं काही ठरत नाही वाटतं. तर यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "पोरीच्या अंगात रक्त कमी आहे, माझ्याच जेवणात खोट असेल." माझ्या सख्ख्या मायनेही असं अंगावर घेतलं नसतं. मी तेव्हा मनात ठरवलं, ही बाई जे मागेल ते द्यायचं. फक्त ती काय मागेल हे मला माहीत नव्हतं.

तिसऱ्या वेळी कळलं ते संक्रांतीला. सुगडं पुजायला घेतली होती. गाजर, ऊस, बोरं, हरभरे सगळं ताटात काढून ठेवलेलं. मी तीळ भाजत होते. एरवी तो वास मला आवडतो. त्या दिवशी कढईसमोरून उठून मोरीत धावले. सासूबाईंनी गॅस बंद केला, माझ्या पाठीवरून हात फिरवला, तोंड धुवायला पाणी दिलं. मग तिथेच उभ्या राहून बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत महिने मोजायला लागल्या. पौष, माघ, फाल्गुन. अंगठा भाद्रपदावर थांबला. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मी घाबरले. त्यांनी मला जवळ घेतलं, रडल्या. "तू माझी गौर सोडवणार," म्हणाल्या.

मला त्या वेळी एवढंच वाटलं होतं की हे पोर तरी राहू दे.

तिथून ते वर्ष सुरू झालं. लोकांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, आमचं त्या संक्रांतीला झालं. हळदीकुंकवाला ज्या बाया आल्या, त्यांना तिळगुळाबरोबर ही बातमीही मिळाली. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगू नये म्हणतात, पण सासूबाईंना धीर कुठला. होळीला त्यांनी नारळ टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड झालेली राख आणून माझ्या पोटाला बोट लावलं. पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर कडुलिंबाची गोळी माझ्या हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत. प्रत्येक सणाला त्या माझ्यासाठी काहीतरी करायच्या आणि प्रत्येक वेळी हात जोडून एकच मागायच्या. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान त्यांनी मे महिन्यातच सप्टेंबरवर नेऊन ठेवलेलं. आमच्या ह्यांना सुट्टी बघायची तर पानं खाली सोडून बघायला लागायची. ते काही बोलायचे नाहीत, बघून झालं की पानं परत वर लावून ठेवायचे. आईसमोर त्यांचं तोंड उघडत नाही. लहानपणापासून ते गेलेल्या बहिणीनंतर आलेलं पोर म्हणून वाढलेले, त्या घरात मोठ्याने बोलायची त्यांना सवयच नव्हती.

वटपौर्णिमेला डॉक्टरबाईंनी उपास करायचा नाही म्हणून बजावलेलं. सासूबाईंनी तेही ऐकलं, मला सकाळी दूध-केळं दिलं. बाजारातून फांदी आणून पुजणं त्यांना आवडत नाही, म्हणून नदीकडच्या वडाला गेलो. सूत गुंडाळत फेरे घालताना सगळ्या बाया सात जन्मांचं मागत होत्या. मी फक्त बाळाचं मागितलं. पोटात जिवंत राहू दे, बाहेर जिवंत येऊ दे, कुठल्याही वारी येऊ दे. शेवटचं वाक्य मनात आलं आणि माझ्या हातातलं सूत गळालं. सासूबाई मागून येत होत्या. मला वाटलं, त्यांना ऐकू गेलं.

तेव्हापासून मला झोप लागेना. दिवसभर त्यांच्या हातचं खायचं आणि मनात त्यांच्याविरुद्ध मागायचं. बाळ हललं की जीव भांड्यात पडायचा, थोडा वेळ हललं नाही की मी गॅलरीत येरझाऱ्या घालायची. ताई म्हणायची, "अगं बस जरा, चाळ हलते."

पंचमीला आमच्याकडे लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके बांधतात. पहिलं बाळंतपण तर माहेरीच करायचं असतं. मायचा फोन आला, "कधी येलीस? खोली सारवून ठेवली की." मी फोन सासूबाईंकडे दिला. त्या गोड बोलल्या, खूप आदराने बोलल्या, पण म्हणाल्या की या वेळी इथेच करू, इथे दवाखाने चांगले आहेत. फोन परत माझ्याकडे आला. माय म्हणाली, "खरं कारण सांग." मी सांगितलं. नागपंचमी होती. घरात चिरायचं नाही, तव्यावर टाकायचं नाही, म्हणून दिंडं उकडायला ठेवलेली आणि त्या वाफेत उभी राहून मी हळू आवाजात तिला सगळं सांगत होते.

माय म्हणाली, "तुझ्या सासूनं तुला दोनदा उचललं, मला ठावं हाय. माझ्यानं येणं झालं नाही, तिनं केलं. पण बाई, ते तुझं केलं. ह्या लेकराचं तिनं अजून काय केलंय?"

माझं जे केलं त्याचं मी माझ्यातून द्यायचं, ते पोरातून कसं देणार. पण तेव्हा हे असं सुचलं नव्हतं, मी फोन ठेवून दिंडं उतरवायला घेतली.

श्रावण अर्धा झाला आणि कल्याणच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी करून तारीख दिली. गौरीनंतर आठ-दहा दिवसांची. सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "ऑपरेशन करून पूजनाच्या दिवशी काढता येईल ना? आमचं तसं कारण आहे." डॉक्टरबाईंना नवल वाटलं नाही. म्हणाल्या, "मुहूर्त घेऊन रोज कुणीतरी येतं, आजी. मुलाची तब्येत चांगली असेल तर मी बघतेही. पण हे बाळ बारीक आहे, दोन किलोसुद्धा भरत नाही अजून. आत जितके दिवस राहील तितकं त्याचं भलं." आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मी सासूबाईंकडे बघितलं. म्हटलं, "आई म्हणतील तसं."

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्यासाठी शहाळं घेतलं. माझा हात धरून रस्ता ओलांडला. त्या खूश होत्या माझ्यावर. मी शहाळं प्यायले आणि मला स्वतःची किळस आली.

कल्याणच्या बाई तयार नाहीत म्हटल्यावर ठाण्यातला दवाखाना शोधला गेला. वर्तकनगरला, इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, छोटासा. तिथले डॉक्टर तयार होते. भटजींनाही विचारून झालं. ते म्हणाले, ज्येष्ठा नक्षत्रावर जन्मलं तर मुलाची शांत करायला लागते. गौर तर ज्येष्ठा नक्षत्रावरच पुजतात. सासूबाई म्हणाल्या, "करू की शांत. दोन करू." ताईने मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला करायचंय का हे?" मी म्हटलं, "त्यांनी माझं खूप केलंय." ती म्हणाली, "मी ते विचारलं नाही." मी रडायला लागले. तिने जास्त खोदलं नाही, फक्त तिचा फोन नंबर माझ्या फोनमध्ये पहिला येईल असा करून दिला.

गौरी आल्या त्या संध्याकाळी, चाळीतल्या बाया दारापासून आतपर्यंत हळदीकुंकवाची पावलं काढत गौर घरात आणत होत्या आणि आम्ही बॅग घेऊन रिक्षात बसलो. वाटेत सगळीकडे मखरं, लायटिंग. सासूबाई मांडीवर हात ठेवून सरळ बसलेल्या. इतक्या वर्षांत गौरीच्या दिवसांत त्यांचा चेहरा असा हसरा मी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स येऊन गाऊन देऊन गेली. म्हणाली, केसांच्या दोन वेण्या घाला, टोपी नीट बसते. सासूबाई कॉटवर माझ्या मागे बसल्या. त्यांनी मधोमध भांग पाडला आणि एक वेणी घालायला घेतली. त्यांचे हात फार हलके आहेत. दोन्ही वेळा दवाखान्यातून आले तेव्हा मी पडून असताना त्यांनीच माझे केस विंचरलेले. मला समोर खिडकी दिसत होती, त्यांचा चेहरा दिसत नव्हता. कदाचित म्हणूनच मी बोलले.

"आई, मला भीती वाटते."

"कसली? भूल देतात. कळत पण नाही."

"बाळ बारीक आहे."

"बारीक तर बारीक. माझी पण बारीकच झालेली."

त्या अगदी सहज म्हणाल्या. मग त्यांचे हात थांबले. बाहेर कॉरिडॉरमध्ये कुणाच्या तरी मोबाइलवर आरती वाजत होती. थोड्या वेळाने त्यांनी पहिल्या वेणीला बँडेजच्या पट्टीची गाठ मारली आणि दुसरी घ्यायला लागल्या. मला वाटलं, आता झालं, आता मला नेणार. बाळ आत ढुशा द्यायला लागलं.

"मी नाही जाणार आत," मी म्हटलं.

या घरात आल्यापासून त्यांना कशाला नाही म्हटल्याची ती पहिली वेळ. आवाज इतका बारीक निघाला की मलाच वाटलं, परत म्हणायला लागेल.

"तुझ्यासाठी मी..." त्या म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत.

ते वाक्य मी अजून ऐकते. भांडी घासताना ऐकते. पुरं झालं असतं तर बरं झालं असतं, त्याचं उत्तर तरी देता आलं असतं. त्या जे म्हणणार होत्या ते सगळं खरं होतं.

नर्स आली, विचारायला लागली, काय झालं, डॉक्टर थांबलेत. सासूबाई भिंतीला टेकून उभ्या. ह्यांना बोलावलं. हे दारात आले, माझ्या एका वेणीकडे आणि अर्ध्या सुटलेल्या केसांकडे बघितलं, मग आईकडे. म्हणाले, "आई, चल घरी." एवढंच. पण इतक्या महिन्यांत या विषयावर त्यांनी उच्चारलेलं ते पहिलं वाक्य होतं. सासूबाईंनी बॅग उचलली. मी घेते म्हटलं तर दिली नाही.

चाळीत शिरलो तेव्हा दारोदारी गौरींची पानं वाढून झालेली. बाया बाहेर आल्या, माझं पोट बघितलं आणि आत गेल्या. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. कॅलेंडरचं पान पुढे नेऊन ठेवावं असं त्या वर्षात आता काही उरलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, मला सांगता येत नाही. त्या माझ्याशी वाईट वागल्या असत्या तर सोपं होतं. त्या वेळेवर जेवायला वाढायच्या, गोळ्या द्यायच्या, पाणी तापवून द्यायच्या. बोलायच्या नाहीत. आणि मी घाबरून आतल्या आत एकच घोकत होते, की आता बाळाला काही झालं तर. दिवसही गेला, सणही गेला आणि बाळही गेलं तर मी या बाईला तोंड कसं दाखवू. बाळासाठी म्हणून नाही म्हटलं होतं. आता बाळाने मला खरं करायला पाहिजे होतं.

मुलगी झाली. कल्याणला, डॉक्टरबाईंकडे, आपसूक. बारीकच, पण रडली जोरात. आणि झाली ती पितृपक्षात. गौरीचा चांगला दिवस सोडून पोरगी पितरांच्या दिवसांत आली. या पंधरवड्यात लोक नवा रुमालसुद्धा घेत नाहीत. पेढे कुणी मागितले नाहीत, आम्ही दिले नाहीत. सोयर खरं म्हणजे भावकीपुरतं, पण पितरांच्या दिवसांत लोक जास्तच जपतात, त्यामुळे चाळ आमच्या दारापासून लांबच. ताई तेवढी येऊन बसायची. "मला कसलं सोयर," म्हणायची आणि पोरीला मांडीवर घ्यायची.

सासूबाईंनी पोरीला पहिल्या दिवसापासून न्हाऊ घातलं, शेक दिला, पण नजर तिच्या तोंडावर ठेवायच्या नाहीत. हातापायांकडे बघायच्या. मी सगळं बघत होते. मला विचारायचं होतं, आई, रागावलात का.

मग अष्टमी आली. गेलेल्या मुलीची ती तिथी, ती गेली त्या वर्षी गौर अष्टमीला पुजलेली. इतक्या लहान पोराचं पान ठेवत नाहीत, भटजी सांगतात, पण सासूबाई दर वर्षी ठेवायच्या. छोटी वाटीभर खीर केळीच्या पानाच्या तुकड्यावर, गॅलरीच्या कठड्यावर, कावळ्यासाठी. या वर्षी सोयर. पितरांचं काही चालत नाही. गौर तर बंदच होती, आता माझ्या पोरीच्या येण्याने त्या गेलेल्या मुलीचं हे एवढंसं पानही अडलं. हे माझ्या लक्षात आलं आणि मी बाळ छातीशी धरून पडून राहिले.

सकाळी दूध आटवल्याचा वास आला. त्यांनी खीर केलेलीच होती. पानावर वाढून त्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या, पान हातात, कुठे जायचं ते कळत नसल्यासारख्या. ताई नेहमीप्रमाणे दारातून आत आली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुला सोयर नाही. तू हे कठड्यावर ठेवशील?"

ताई थांबली. "काकू, पान म्हणून मी नाही ठेवायची. आम्ही ते मानत नाही, तुम्हाला माहितेय. रोज कावळ्याला पोळी टाकते ती वेगळी."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "राहू दे."

"तुमच्या पोरीचं म्हणून द्या," ताई म्हणाली. "मी खाते."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या रागावणार. पितरांच्या आधी कुणी चाखतसुद्धा नाही, सोयराच्या घरचं तर कुणी पाणी घेत नाही. पण त्यांनी पान तिच्या हातात दिलं. ताई माझ्या कॉटजवळ जमिनीवर मांडी घालून बसली आणि बोटांनी खीर खायला लागली. सासूबाईही तिच्यासमोर खाली बसल्या. पोरगी कुरकुरली म्हणून त्यांनी हात पुढे केले, मी तिला त्यांच्याकडे दिली, आणि त्या पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"साखर कमी झालीय, काकू," ताई म्हणाली.

"तिला कमीच लागायची," सासूबाई म्हणाल्या. "जास्त घातली की थुंकायची. अशी जीभ बाहेर काढायची."

त्यांनी जीभ काढून दाखवली. मग तशाच, खाली मान घालून, त्या मुलीचं एकेक सांगायला लागल्या. कशी चालायची, कशाला घाबरायची, कुठल्या पायरीवरून पडलेली. चार वर्षं मी त्या घरात होते, पण तिचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.